वाचेचा हक्क आणि जिल्हा परिषदेची शाळा



जिल्ह्यातील शिक्षणाचा विषय निघाला की शाळांच्या गळक्या इमारती, शिक्षकांची रिक्त पदे, कमी पटसंख्येचे निमित्त करून बंद केल्या जाणाऱ्या शाळा हे प्रश्न सभांतून पुढे येतात. ते यावेत हे योग्यच आहे. परंतु या यादीत एका प्रश्नाला बहुधा स्थान मिळत नाही. वर्गात बसूनही ज्यांना बोलता येत नाही, बोललेले पुरते समजत नाही, किंवा बोलताना ज्यांचा शब्द ओठांशी येऊन अडतो, अशा मुलांचा तो प्रश्न आहे. इतर वंचितांना आपले गाऱ्हाणे निदान स्वतःच्या तोंडाने मांडता येते. या मुलांपासून मांडणीचे साधनच हिरावले गेलेले असते. म्हणून त्यांची वंचना मोर्चात दिसत नाही, निवेदनात येत नाही, आणि त्यांच्यासाठी कोणी वेगळे पद मागत नाही.

भंडारा जिल्हा हा वाचेवर प्रेम करणारा मुलूख आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते, झाडीपट्टीच्या नाटकांसाठी माणसे रात्र रात्र जागतात आणि संवाद तोंडपाठ करतात. ज्या समाजात शब्दाला एवढी प्रतिष्ठा आहे, त्या समाजात शब्दाविना राहिलेल्या मुलाचे एकटेपण अधिकच खोल असते. गावात त्याला नाव मिळते ते ‘मुका’, ‘बोबडा’ किंवा ‘तोतरा’. पाळण्यातले नाव मागे पडते आणि दोष हेच त्याचे नाव होऊन बसते.

ही मुले कोण, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘मुका’ या एका शब्दात अनेक भिन्न अवस्था कोंबल्या जातात. काही मुलांना जन्मतःच ऐकू येत नाही, आणि जे कानी पडत नाही ते जिभेवर येत नाही. काहींचे कान वर्षानुवर्षे वाहत असतात. घरी त्यात तेल सोडले जाते, पडद्याला पडलेले छिद्र तसेच राहते, आणि शिकण्याच्या ऐन वयात अर्धे शब्द निसटत जातात. काहींचा ओठ व टाळू जन्मतः दुभंगलेला असतो. शस्त्रक्रियेने चेहरा सुधारतो, परंतु नाकातून निसटणारा उच्चार त्यानंतरच्या सरावाशिवाय सुधारतोच असे नाही. मेंदूच्या पक्षाघातामुळे काहींचे स्नायू आज्ञा मानीत नाहीत. काही मुले स्वमग्न असतात. काहींना बौद्धिक अक्षमता असते. काही तोतरी असतात. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. शंभरात पाचेक मुले कधीतरी त्यातून जातात आणि एकाच्या वाट्याला तो कायमचा येतो. आणि यांशिवाय एक मोठा समूह असा आहे की ज्याचे कान चांगले, बुद्धी चांगली, चेहऱ्यावर काही खूण नाही. तरीही शब्द लवकर सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, लांब सूचना ध्यानात राहत नाही. या अवस्थेला तज्ज्ञ ‘विकासात्मक भाषादोष’ म्हणतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९९७ मध्ये आणि इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शाळाप्रवेशाच्या वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे सात मुले अशी आढळली. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन.

या आकड्याशेजारी आपल्या जनगणनेचा आकडा ठेवून पाहावा. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात वाचेची अक्षमता असलेल्यांची नोंद सुमारे २० लाख, म्हणजे हजारी दोनहूनही कमी. जनगणनेत सर्व वयांची माणसे येतात आणि घरच्यांना जे दिसते तेवढेच नोंदले जाते, तेव्हा दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत हे मान्य. तरीही त्यांतील अंतर पुष्कळ काही सांगते. जी मुले कुणाच्या नोंदवहीत नाहीत, ती प्रत्यक्षात वर्गातच बसलेली आहेत. शिक्षकाच्या लेखी ती ‘मंद’ आहेत, आईबापांच्या लेखी ‘उशिरा बोलणारी’ आहेत, आणि शासनाच्या लेखी ती नाहीतच. एखाद्या केंद्रातील सर्व शाळांत मिळून पाचशे मुले असतील, तर वरील प्रमाणाने पस्तीसेक मुले या समूहात निघतील.

बोली आणि दोष

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न एका विशेष कारणाने अवघड होतो. येथील शाळेची भाषा प्रमाण मराठी आहे. मुलाच्या घरची भाषा बहुधा ती नाही. पूर्व विदर्भाच्या या भागात झाडीबोली बोलली जाते. पोवार समाजाच्या घरांत पोवारी चालते, गोंड कुटुंबांतून गोंडी टिकून आहे, आणि मध्यप्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या तुमसर तालुक्यात हिंदीचे वळण कानी पडते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ आणि ‘ष’ नाहीत. तेथे पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’ होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की झाडीबोली ही स्वतःचे नियम असलेली बोली आहे. प्रमाण मराठीचा तो अपभ्रंश नव्हे.

मग शाळेत काय घडते? पहिलीतील मूल ‘डोरा’ म्हणते आणि गुरुजी ते अशुद्ध ठरवतात. जे मूल आपल्या आईची भाषा अचूक बोलत आहे, त्याला दोषी ठरवण्यात येते. त्याच बाकावर दुसरे मूल असते. त्याला घरच्या बोलीतही वाक्य जुळवता येत नाही. परंतु ‘या भागातील पोरे अशीच बोलतात’ असे म्हणून गुरुजी त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. ज्याला उपचाराची गरज नाही त्याला दटावले जाते आणि ज्याला आहे त्याला सोडून दिले जाते. बोलीविषयीच्या एकाच अज्ञानाने दोन्ही मुलांवर अन्याय होतो.

दोष कोणता आणि बोली कोणती, हे ओळखण्याची कसोटी शास्त्राने दिलेली आहे, आणि ती सोपी आहे. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असल्यामुळे भाषादोष उत्पन्न होत नाही. दोन भाषांत वाढणारे निरोगी मूल शाळेच्या भाषेत काही काळ अडखळते, पण घरच्या भाषेत गोष्ट सांगते, भांडते, हिशेब करते. खरा दोष असलेले मूल घरच्या भाषेतही अडते. तेव्हा मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत झाल्याखेरीज निदान विश्वसनीय ठरत नाही. तपासणीचे शब्द आणि चित्रे मुंबई-पुण्याच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली असतील, तर लाखांदूरचे मूल त्यांत नापास होणारच. धानाच्या शेताचे चित्र पाहून ते ‘बांधी’ म्हणेल आणि उत्तर चुकीचे धरले जाईल. झाडीबोली, पोवारी आणि गोंडी जाणणारा तपासनीस आणि त्या भाषांत तयार केलेली साधने हवीत ही मागणी अस्मितेपोटी केलेली नाही; तिच्यावाचून निदानच अचूक होत नाही.

कायद्यात काय आहे

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. अपंग मुलांना सामान्य शाळांतून शिक्षण मिळावे हा विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडला. १९७४ मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली; श्रवणदोष त्यात होता, वाचा व भाषेचा दोष नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या २१ वर नेली आणि ‘वाचा व भाषा अक्षमता’ हा शब्दप्रयोग प्रथमच अनुसूचीत आला.

परंतु त्या शब्दप्रयोगाची व्याख्या काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया किंवा मेंदूला इजा झाल्याने वाचा जाणे, अशा शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेली कायमची अक्षमता, असा तिचा रोख आहे. स्वरयंत्र काढावे लागते ते मुख्यतः घशाच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या प्रौढांचे. पक्षाघाताने वाचा जाते तीही बहुधा उतारवयात. म्हणजे व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बोलणे गमावलेला प्रौढ माणूस होता. बोलणे कधी हाती आलेच नाही असे सहा वर्षांचे मूल नव्हते. तोतऱ्या मुलाला किंवा विकासात्मक भाषादोष असलेल्या मुलाला या व्याख्येत बसवणे दुरापास्त आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून माणूस नाही, अशी ही साखळी आहे.

मात्र याच कायद्यात तिच्यातून सुटण्याची वाटही आहे. दिव्यांग व्यक्तीची सर्वसाधारण व्याख्या व्यापक आहे: दीर्घकालीन उणीव आणि समाजातील अडथळे मिळून ज्याचा सहभाग रोखला जातो, ती व्यक्ती. कलम १६ प्रमाणे शाळांनी अशा मुलाला भेदभावाशिवाय प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेनुसार साह्य पुरवावे. कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून गरजू मुले शोधावीत, आणि वाचा, संवाद किंवा भाषेची अडचण असलेल्यांसाठी संवादाच्या पूरक व पर्यायी साधनांना उत्तेजन द्यावे. ही बंधने शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर आहेत. जिल्हा परिषद हे असेच प्राधिकरण आहे. तेव्हा पाहणी केव्हा झाली, किती मुले निघाली आणि त्यांच्यासाठी पुढे काय केले, हे प्रश्न जिल्हा परिषदेला विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

भंडाऱ्याहून नागपूर

सेवा आहेत, पण त्या रुग्णालयांत आहेत, आणि रुग्णालये शहरांत आहेत. वाचा-उपचाराचे शिक्षण भारतात साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या संस्थांचे कार्य मोठे आहे. पण तेथून बाहेर पडणारे पदवीधर मोठ्या शहरांत व खाजगी दवाखान्यांत स्थिरावले. धानपट्ट्यापर्यंत फार थोडे पोचले. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना वरच्या वर्गांना दिलेले शिक्षण आपोआप खाली झिरपते या समजुतीवर प्रहार केला होता. आज वाचा-उपचाराच्या बाबतीत तीच समजूत वेगळ्या वेषात वावरत आहे.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस प्रकारचे दोष शोधण्याची ही योजना आहे, आणि श्रवणदोष, दुभंगलेला ओठ-टाळू व भाषेचा विलंब हे तिन्ही त्यांत आहेत. आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, आढळलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरील त्वरित हस्तक्षेप केंद्रात पाठवावे आणि तेथे वाचा-श्रवण तज्ज्ञाने त्याला तपासावे, अशी तिची रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. पण पथकात डॉक्टर, औषधनिर्माता व परिचारिका असतात, वाचा-उपचारक नसतो. वर्षातून एका दिवशी शेकडो मुलांची उंची, वजन, दात, डोळे पाहून होतात. गप्प बसलेले मूल लाजाळू आहे की त्याला शब्द सापडत नाहीत, हे ओळखण्याची उसंत त्या धावपळीत मिळत नाही.

आणि समजा मूल ओळखले गेले, तरी पुढे काय? वाचा-उपचार ही एकदा टोचून मोकळे होण्याची लस नव्हे. आठवड्यातून एकदा-दोनदा, महिनोन्‌महिने चालणारा तो अभ्यास आहे. साकोली भंडाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटर, भंडाऱ्यापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. चूलबंदच्या काठावरील गावातून मुलाला घेऊन निघालेल्या आईचा संपूर्ण दिवस जातो. ती विड्या वळत असेल तर त्या दिवसाची मजुरी बुडते. रोवणीचे दिवस असतील तर मुकादम दुसरी बाई लावतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर ती थांबते. मग ‘पालकांत जागृती नाही’ असा शेरा मारला जातो. वास्तविक जागृती तिच्यापाशी पुरेशी होती. तिच्यापाशी नव्हते ते बसभाडे आणि रिकामा दिवस.

शासनाच्या महागड्या योजनांनाही हेच लागू पडते. बहिऱ्या बालकाच्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून ६ लाख रुपयांपर्यंतच्या साह्याची सोय झाली. परंतु यंत्राने ध्वनी येतो. त्या ध्वनीचा अर्थ लावायला मुलाला शिकवावे लागते आणि त्याला काही वर्षे लागतात. शिकवणारा जवळ नसेल तर लाखोंचे यंत्र असूनही मूल अबोलच राहते.

येथे भंडाऱ्याच्या एका जखमेचे स्मरण अपरिहार्य आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. अशा कक्षांत अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, तीव्र काविळीची बाळे ठेवली जातात, आणि त्यांतून सुखरूप घरी गेलेल्या बाळांना श्रवणदोषाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. ज्या बाळांना डॉक्टर व परिचारिका शर्थीने जगवतात, त्यांची श्रवणचाचणी आणि पुढील पाठपुरावा हा त्यांना जगवण्याच्या कामाचाच उरलेला भाग आहे. केवळ श्वास चालू ठेवण्यापाशी समाजाची जबाबदारी संपत नाही.

शाळेत काय करता येते

जगात हा प्रश्न शाळेतूनच सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी १९१० मध्येच वाचा-सुधारणेसाठी शिक्षिका नेमल्या. १९७५ च्या कायद्याने सर्व अपंग मुलांच्या मोफत शिक्षणाबरोबर वाचा-उपचारासारख्या पूरक सेवाही शाळांवर बंधनकारक झाल्या. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये वाचा-उपचार सेवांविषयी अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्षपद रँडॉल्फ क्वर्क या भाषाशास्त्रज्ञाकडे होते, आणि १९७४ मध्ये त्या विखुरलेल्या सेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेत एकत्र आल्या. तेथेही सारे आलबेल नव्हते; मूल राहते कुठे यावर त्याला मिळणारी मदत अवलंबून आहे, असे २००८ च्या बर्को अहवालाने दाखवून दिले. श्रीमंत देशालाही पुरवठ्यातील विषमता आपोआप टाळता आली नाही, हा त्यातला धडा.

शाळेत उपचारक आला की काय बदलते? पहिली गोष्ट, उपचार वर्गाच्या भाषेशी जोडला जातो. धड्यातील दहा नवे शब्द शिकवण्याआधीच तो ते शब्द मुलाबरोबर चित्रांतून, खेळांतून घोळवतो. दुसरी गोष्ट, शिक्षकाला रीत कळते. लांब सूचनेचे तुकडे करावेत. प्रश्न विचारल्यावर दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. मुलाचे अपुरे वाक्य दटावून न दुरुस्त करता स्वतः पूर्ण करून म्हणावे. कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. तोतऱ्या मुलाला हजेरीच्या क्रमाने उभे करून प्रकट वाचन करायला लावू नये, कारण आपली पाळी येईपर्यंतच ते मूल अर्धे संपलेले असते. यांपैकी कशालाही यंत्रसामग्री लागत नाही. तिसरी गोष्ट, ज्या मुलाच्या तोंडी शब्द येण्याची शक्यता थोडीच आहे, त्याला चित्रफलक मिळतो. पाणी, भूक, दुखते, नको, खेळू, अशी चित्रे पुठ्ठ्यावर लावून त्यांवर बोट ठेवून ते बोलू लागते. असा फलक दिल्याने बोलणे मागे पडते ही भीती अनाठायी आहे. संवाद साधू लागलेले मूल आवाजाचाही उपयोग करू पाहते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावे असे ध्येय ठेवले गेले. मौखिक भाषा हा त्या इमारतीचा पाया आहे. ज्याला वाक्य बोलता येत नाही त्याला ते वाचता कसे यावे? या मुलांची वाचा मागे ठेवून वाचनाचे लक्ष्य गाठू म्हणणे म्हणजे बांधीत पाणी न सोडता रोवणी करू पाहण्यासारखे आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की जेथे साधे शिक्षक पुरेसे नाहीत तेथे ही चैन कशाला? हा आक्षेप सद्‌भावनेने घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रथम सर्वांना थोडे मिळू द्या, मग या थोड्यांचे पाहू, हा युक्तिवाद प्रत्येक दुर्बळ गटाला आजवर ऐकवला गेला आहे. मुलींच्या शाळेविषयी, दलितांच्या वसतिगृहाविषयी हेच म्हटले जात होते. शिवाय बालपणीची भाषा वाट पाहत नाही. ती वर्षे गेली की दसपट श्रमांनीही उणीव पुरती भरून निघत नाही. शिक्षकाचे आणि उपचारकाचे पद एकमेकांविरुद्ध उभे करणे हा कारभाऱ्यांचा डाव आहे. शिक्षक चळवळीने तो ओळखावा. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे आणि पुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांचा प्रश्नही ऐरणीवर आला. मात्र विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारक ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच्या नेमणुकीने दुसऱ्याची गरज भागत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. गरिबांच्या मुलांना ‘दोषी’ ठरवणारा आणखी एक शिक्का तयार होईल, अशी भीती काही पुरोगामी मित्र व्यक्त करतात. बोलीच्या बाबतीत हे भय खरे आहे, आणि म्हणूनच घरच्या भाषेत तपासणी हा या मागणीचा पाया आहे. परंतु शिक्का टाळण्यासाठी मदतच नाकारणे हा उपाय नव्हे. शिक्का तर गावाने मारलेलाच असतो. ‘ढ’ हा शिक्का निदानापेक्षा अधिक क्रूर आहे, कारण त्यात दोष मुलाच्या माथी जातो आणि वाट कोठलीच दाखवली जात नाही.

मागणी आणि काम

जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत. पहिली मागणी साधी असावी: सात तालुके, सात वाचा-उपचारक, कायम पदे, शिक्षण विभागाच्या अधीन आणि आरोग्य विभागाशी जोडलेली. त्यांनी केंद्रे वाटून घेऊन ठरल्या दिवशी केंद्रशाळेत बसावे, म्हणजे मुलाला नागपूर नव्हे, शेजारचे गाव गाठावे लागेल. सात माणसांनी जिल्ह्याची गरज भागणार नाही हे उघड आहे. पण एकदा पद निर्माण झाले की गरजेची नोंद होऊ लागते, आणि नोंद झालेली गरज पुढील मागणीला बळ देते.

दुसरी मागणी, पहिलीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हावी आणि वाहत्या कानावर तालुक्यातच औषधोपचार मिळावा. तिसरी, भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने बोलीचे अभ्यासक आणि वाचातज्ज्ञ यांना एकत्र बसवून झाडीबोली, पोवारी व गोंडीतील शब्द व चित्रे असलेली तपासणी-साधने तयार करावीत, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोली व दोष यांतील फरक शिकवावा. चौथी, वाचा-श्रवण पदवीसाठी या भागातील मुलामुलींना शिष्यवृत्ती द्यावी, काही वर्षे जिल्ह्यात काम करण्याच्या अटीवर. बोली जाणणारा उपचारक बाहेरून आणता येत नाही; तो येथेच घडवावा लागतो.

मागणीबरोबर कामही आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आणली आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या ठेवल्या. कार्यकर्त्यांनी या समित्यांतून हा विषय मांडावा. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना गावातील न बोलणारे प्रत्येक मूल ठाऊक असते. त्यांच्या साह्याने गाववार यादी करावी, नावे सांभाळून ठेवावीत, त्यांचा तमाशा होऊ देऊ नये, आणि संख्या घेऊन जिल्हा परिषदेत जावे. वेखंड उगाळून जिभेला लावण्यात किंवा ‘मोठा झाला की बोलेल’ या आशेवर वर्षे घालवणाऱ्या कुटुंबाला हिणवू नये. जवळ दुसरा आधार नसताना त्यांनी जो मिळाला तो धरला. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर कान तपासून घ्यावेत, एवढी एक गोष्ट घराघरांत पोचली तरी पुष्कळ काम होईल. पहिल्या तपासणीला त्या आईबरोबर कोणीतरी जावे, कागद भरून द्यावा, आणि दुसऱ्या खेपेला ती का आली नाही हे तिच्या दारात जाऊन विचारावे.

लोकशाहीत प्रत्येकाला एक मत आहे. परंतु मतापूर्वी म्हणणे असते, आणि म्हणणे मांडण्यासाठी भाषा असावी लागते. ती ज्यांना सहज मिळत नाही त्यांना ती मिळवून देणे हे दानधर्माचे काम नाही. ते शाळेचे नेहमीचे काम आहे, आणि शाळेकडून ते करून घेणे ही जनतेची जबाबदारी आहे. येत्या अर्थसंकल्पापूर्वी सातही तालुक्यांच्या याद्या जिल्हा परिषदेच्या टेबलावर पडल्या पाहिजेत. त्या तयार करण्याचे काम या सभेतून उठल्यावर लगेच सुरू करण्यासारखे आहे.